कडेचे तुकडे कोण खातं?

मागच्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेसहाला, मी ओट्यापाशी उभी राहून करपलेल्या कुकीज खात होते. भूक लागली होती असं नाही. त्या चांगल्या लागत होत्या असं तर मुळीच नाही. फ्लॅटमधल्या दोघी अजून झोपल्या होत्या आणि त्या उठायच्या आत मला त्या संपवायच्या होत्या, एवढंच.

आम्ही तिघींनी वर्गणी काढून नुकताच एक छोटा ओव्हन घेतला होता. त्याचं उद्घाटन म्हणून मी कुकीज करायला घेतल्या. मैदा, लोणी, पिठीसाखर, थोडं दूध. गोळा मळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, सहा मिलिमीटर जाडीचा लाटायचा, कटरनं गोल कापायचे, १८० अंशांवर ११ मिनिटं भाजायचे. रेसिपीत यापलीकडे काही नव्हतं. दोन ट्रे भरून २४ कुकीज झाल्या. त्यातल्या सहांच्या कडा काळ्या पडल्या, पाच मधे कच्च्या राहिल्या आणि १३ छान झाल्या.

त्या १३ मी काचेच्या बरणीत रचून डायनिंग टेबलावर ठेवल्या. उरलेल्या ११ पैकी चार उभ्या उभ्याच खाल्ल्या. सात पेपरमध्ये गुंडाळून माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवल्या. दोघी उठल्या, बरणी बघून खूश झाल्या. एकजण म्हणाली, "पहिल्यांदाच केल्यास ना? सगळ्या किती एकसारख्या झाल्यात!"

मी हसले आणि "थँक्यू" म्हणाले.

नंतर आठवडाभर ऑफिसातून आल्यावर त्या सात कुकीज रोज एक-एक करून खाताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. मी काय केलं होतं? खोटं तर बोलले नव्हते. बरणीतली एकही कुकी खोटी नव्हती. कुणाचं काही घेतलं नव्हतं, उलट वाईट ते स्वतःकडे ठेवलं होतं. याला आपण चांगुलपणाच म्हणतो. मग तो लपवावा का लागला? आणि हे मला कुणी शिकवलं होतं?

*

आधी त्या ११ कुकीज बिघडल्या का, ते बघू. कारण उत्तराचा अर्धा भाग तिथंच आहे.

कटरनं कापलेल्या कुकीज वरून पाहिल्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. एकच गोल, एकच व्यास. ओव्हनमध्ये घालायच्या आधी मी ट्रेचा फोटोसुद्धा काढला होता, आणि तो खरंच सुंदर आला होता. पण वरून काढलेल्या फोटोत जाडी दिसत नाही. कापून उरलेल्या कडा पुन्हा मळून मी एक पोळी लाटली आणि ती सुरीनं मधोमध कापून मोजली. मधे आठ मिलिमीटर, कडेला चार.

असं होण्याचं कारण साधं आहे. लाटणं मधे असतं तेव्हा त्याच्याखाली भरपूर पीठ असतं आणि त्या पिठाला चारी बाजूंनी सरकायला जागा नसते, ते जागच्या जागी अडून राहतं. लाटणं कडेशी आलं की त्याच्याखाली पीठ कमी उरतं, तोच जोर कमी जागेवर पडतो आणि पीठ मोकळ्या बाजूला पसरतं. म्हणून हातात कितीही प्रामाणिकपणा असला तरी कडा पातळच होतात. जाणकार मधून बाहेर लाटत जातात, कडेच्या थोडं आधी लाटणं उचलतात आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पोळी पाव वळसा फिरवतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गंमत म्हणजे चार आणि आठची सरासरी सहा. म्हणजे रेसिपीत सांगितलेली जाडी मी सरासरीनं तंतोतंत साधली होती. फक्त कडेची एकही कुकी सहाची नव्हती आणि मधलीही एकही सहाची नव्हती.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे कॉलेजमधलं फारसं काही रोजच्या कामात येत नाही, पण हीट ट्रान्स्फर या विषयातला एक ठोकताळा लक्षात राहिलाय. उष्णता पदार्थाच्या आत कशी झिरपत जाते याचं गणित जोसेफ फुरिये या फ्रेंच गणितज्ञानं १८२२ साली पुस्तकरूपानं मांडलं. त्यातून असं निघतं की जाडी दुप्पट झाली तर आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. कुकीतलं लोणी वितळतं, पाणी उडून जातं, त्यामुळे तिथं हा हिशेब काटेकोरपणे लागू होत नाही. पण दिशा तीच असते. चार मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर हा दिसायला किरकोळ फरक. आचेसमोर तो किरकोळ राहत नाही.

आणि ओव्हनला एकच तापमान आणि एकच वेळ माहीत असते. तो कुणासाठी थांबत नाही, कुणाला लवकर सोडत नाही. म्हणून डो समान जाडीचा लाटायचा. दिसायला बरं म्हणून नाही, तर ट्रेवरच्या सगळ्यांना एकच आच सोसायची आहे म्हणून. ज्यांना सारख्याच परीक्षेत बसवणार, त्यांची तयारी सारखी करून देणं ही लाटणाऱ्याची जबाबदारी आहे. ती ओव्हनची नाही, आणि कुकीची तर नाहीच.

*

त्याच आठवड्यात मी आईला फोन केला. आमचं घर कऱ्हाडला. दिवाळीला आईच्या शंकरपाळ्यांचं कौतुक सगळ्या गल्लीत असायचं. स्टीलच्या मोठ्या डब्यात चौकटच्या आकाराचे, एका रंगाचे, एका जाडीचे शंकरपाळे. आत्या म्हणायची, "वहिनीच्या हातालाच माप आहे." हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. हॉस्टेलवर मैत्रिणींना डबा उघडून दाखवताना मीही ते म्हणायचे.

मी विचारलं, "आई, तुझे शंकरपाळे सगळे सारखे कसे होतात गं?"

आई हसायला लागली. "सारखे कसले, बाळा? कडेचे वेडेवाकडे व्हायचेच. काही जाड राहायचे, काही करपायचे. ते मोठ्या डब्यात घालायचेच नाहीत. तो ॲल्युमिनियमचा लहान डबा आठवतो का, फळीवर वर असायचा तो? त्यात."

"आणि मग?"

"मग काय? मी आणि तुझी आजी खायचो चहाबरोबर. आजीचे दात गेल्यावर मी एकटीच."

तो डबा मला आठवत होता. त्यात काय असतं हे मी २७ वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे आईच्या हाताला माप होतं हे खरं, पण आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते निव्वळ हाताचं माप नव्हतं. हातानं केलेल्यातून निवडलेलं आम्हाला दिसत होतं. उरलेलं कुणीतरी चहाबरोबर खाऊन संपवत होतं. आणि मी फ्लॅटच्या ओट्यापाशी तेच केलं होतं, कुणीही न सांगता. असं कर म्हणून आई मला कधी बोलली नव्हती. मी ते बघूनही शिकले नव्हते, कारण मला ते दिसलंच नव्हतं. तरी ते माझ्यापर्यंत पोचलं होतं.

आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना वाढताना भेदभाव करणं. एकाला तुपाची धार आणि शेजारच्याला नुसता थेंब, हे करू नये असं आपल्या आज्या सांगत आल्या. समतेवरची मोठमोठी पुस्तकं न वाचताही ही गोष्ट लहान मुलाला कळते. पण या शब्दाची हद्द पंगतीपुरतीच आहे. वाढणारीनं भेदभाव करू नये, एवढंच तो सांगतो. वाढणारी स्वतः त्या पंगतीत बसलेली नाही, ती मागून जेवणार आहे आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असेल, याबद्दल तो शब्द गप्प आहे. पंगत एकसारखी दिसावी याची किंमत पंगतीबाहेरचं माणूस देतं, आणि त्याला आपण हातगुण म्हणतो.

*

पुढच्या शनिवारी मी स्टेशनरीच्या दुकानातून चार लाकडी फूटपट्ट्या आणल्या. एकावर एक अशा दोन ठेवल्या की जाडी बरोबर सहा मिलिमीटर भरत होती. डोच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी ठेवायची, डोच्या वर-खाली बटर पेपर घालायचा आणि लाटणं पट्ट्यांना टेकेपर्यंत लाटत राहायचं. ते पट्ट्यांवर चढलं की आणखी खाली जाऊच शकत नाही. हात थरथरला, जोर कमी-जास्त झाला, तरी जाडी सहाच. बाजारात अशा पट्ट्या तयार मिळतात, आणि दोन्ही टोकांना रिंगा बसवलेली लाटणीही मिळतात. तत्त्व एकच.

पहिल्या प्रयत्नात एक अडचण आली. आमचं घरचं लाटणं मधे फुगीर आणि टोकांकडे निमुळतं आहे. पोळी गोल फिरवत लाटायला ते सोयीचं, पण दोन पट्ट्यांवर ठेवलं की त्याचा फुगीर भाग मधे खोल जातो आणि मधली जाडी कमी होते. या कामाला सरळ नळीसारखं लाटणं लागतं. गोल फिरवायच्या लाटण्यात हात चांगला असणार हे गृहीत धरलेलं आहे. पट्ट्यांवरच्या लाटण्यात हात कसाही असू शकतो हे गृहीत धरलेलं आहे. सरळ लाटणं आणलं आणि त्या दिवशी २४ पैकी एकही कच्ची राहिली नाही. मागच्या रांगेतल्या चार-पाच थोड्या जास्त लाल झाल्या, त्याबद्दल पुढे सांगते.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पट्ट्या लावून लाटायचं? कुबड्याच त्या."

आईचं म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण ते माझ्या स्वतःच्या मनातही होतं. हातानं येणारी गोष्ट साधनानं केली की काहीतरी कमी होतं असं वाटतं. आणि कमी होतंच. पण मग मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. हात हेच माप असेल, तर चूक झाल्यावर ती चूक हाताची ठरते. आणि ज्याच्या हातून चुकलं त्यानं ती निस्तरावी, हे ओघानं येतं. म्हणून तो डबा आईच्या वाटणीला आला. कुणी तिच्यावर लादला नव्हता, तो तिच्या कौतुकाबरोबरच आला होता. पट्ट्या लावल्यावर चूक झाली तर आपण आधी पट्ट्या तपासतो, माणसाला नाही. जोडी बदलली का? पट्टी घसरली का? चुकीला उत्तर सापडतं आणि ती पुढच्या वेळी होत नाही. खाऊन टाकलेल्या चुकीचं काय होतं? ती पुढच्या दिवाळीला पुन्हा होते.

*

हे सगळं मला कुकीजबद्दल कळलं होतं, पण स्वतःबद्दल कळायला सप्टेंबर उजाडावा लागला.

आमच्या टीममध्ये दर दुसऱ्या गुरुवारी रात्री ॲपचं नवं व्हर्जन लाइव्ह जातं. उन्हाळ्यापासून ते काम टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाकडे होतं. कॉलेजातून नुकताच आलेला, मेहनती, थोडा घाबरट. त्याच्याकडून एक ठरावीक चूक व्हायची. टेस्टिंगसाठी बदललेलं एखादं सेटिंग तो परत जागेवर आणायला विसरायचा. पहिल्यांदा मला रात्री एक वाजता ते दिसलं. मी गुपचूप बदललं आणि झोपले. दुसऱ्यांदा तेच. मग मी दर दुसऱ्या गुरुवारी एक वाजेपर्यंत जागीच राहायला लागले. त्याला मी काही बोलले नाही, मॅनेजरला नाही, कुणालाच नाही. बिचाऱ्याला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगायचे. ते खरंही होतं. पण आपल्यामुळे सगळं सुरळीत चाललंय हे फक्त आपल्याला माहीत असण्यात एक सुख असतं. तेही मला मिळत होतं. कपाटातल्या कुकीजसारखं.

सप्टेंबरात मला ताप आला. त्या गुरुवारी औषध घेऊन, फोन सायलेंटवर टाकून मी झोपले. सकाळी उठले तेव्हा तीन तास कुणालाच लॉगिन करता आलेलं नव्हतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला, "इतके दिवस सगळं नीट चालू होतं. याच वेळी काय झालं?" तो मुलगा उभा राहिल्यासारखा ताठ बसला होता. म्हणाला, "सॉरी. माझ्याकडून आधी असं कधीच झालेलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या हाताला माप आहे असा त्याचा समज मी करून दिला होता.

मी त्या मीटिंगमध्ये गप्प बसले. हे लिहायला अजूनही जड जातंय. तोंड उघडायला मला चार दिवस लागले. आधी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल, निदान एकटं वाटणार नाही. तो चिडला. म्हणाला, "पहिल्या वेळीच सांगितलं असतंत तर मी शिकलो असतो ना, ताई. तुम्ही मला वाचवलं नाहीत." ऑफिसात मला कुणी ताई म्हणत नाही. तोही त्यापूर्वी कधी म्हणाला नव्हता.

मग मॅनेजरला सांगितलं. टेस्टिंगचं सेटिंग शिल्लक असेल तर नवं व्हर्जन पुढे जाऊच देणार नाही, अशी एक तपासणी आम्ही दोघांनी मिळून लिहिली. तिला अर्धा दिवस लागला. मी जितक्या रात्री जागले त्यांपुढे अर्धा दिवस. ती पट्टी इतके महिने कुणी ठेवली नव्हती, कारण तिची गरज आहे हे कुणाला कळलंच नव्हतं. कळणार कसं? गरज दाखवणारे सगळे पुरावे मी खाऊन टाकत होते. मात्र त्याच्या नावानं गेलेला समज देणारा मेल गेला तो गेलाच. नंतर सगळ्यांना खरं काय ते कळलं, पण असे मेल परत घेता येत नाहीत.

ओट्यापाशी पडलेल्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. दुसऱ्याची चूक स्वतः सोसणं हा चांगुलपणा आहे, यात शंका नाही. पण ती लपवून सोसली की आपण दोन गोष्टी हिरावून घेतो. चुकणाऱ्याकडून शिकण्याची संधी आणि बाकीच्यांकडून पट्टी ठेवण्याचं कारण. सोसणारं माणूस एक दिवस आजारी पडतं, म्हातारं होतं, निघून जातं. मग ती सगळी आच अशा कुणावर तरी पडते, ज्याला ती आहे हेच माहीत नव्हतं.

*

आता मागच्या रांगेतल्या लाल कुकीजबद्दल. पट्ट्या ठेवल्यामुळे जाडी सगळ्यांची सारखी झाली, तरी मागच्या थोड्या जास्त भाजल्या, कारण आमचा ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतो. म्हणजे माप सारखं असून आच सारखी नव्हती. अशा वेळी फक्त मापाकडे बोट दाखवून "सगळ्यांना समान वागणूक दिली" म्हणणं ही पळवाट आहे. नोकरीत, परीक्षेत, घरात, सगळीकडे ही पळवाट वापरली जाते. एकच पेपर, एकच वेळ, मग तक्रार कसली? तक्रार ही की कुणीतरी मागच्या रांगेत आहे.

ॲरिस्टॉटलनं ‘निकोमेकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात याच अडचणीचा विचार केलाय. कायदा सगळ्यांसाठी एकच असतो, म्हणून काही वेळा तो एखाद्या माणसाला नीट लागू पडत नाही. तिथं न्याय करायचा तर नियमाला थोडं वाकवावं लागतं. त्यासाठी तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचं उदाहरण देतो. त्यांच्याकडे शिशाची पट्टी असायची. शिसं मऊ, त्यामुळे ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळायची. ती दगडाला आपल्यासारखं सरळ व्हायला लावत नव्हती.

फूटपट्टी की शिशाची पट्टी, यातलं एक निवडायचं असं मला वाटत नाही. आच एकच असेल तिथं फूटपट्टी हवी, कारण तिथं माणसाच्या मर्जीवर सोडलं की कुणीतरी जाड राहतं आणि कुणीतरी करपतं. आच वेगवेगळी असेल तिथं वळणारी पट्टी हवी.

आणि तिसरा एक उपाय आहे, जो कुठल्याही बेकिंग करणाऱ्याला माहीत असतो. अर्धा वेळ झाला की ट्रे उलटा फिरवायचा. मागचे पुढे, पुढचे मागे. तापलेली जागा ओव्हनमधून काढून टाकता येत नसेल, तर निदान तिथं सगळ्यांनी आळीपाळीनं बसायचं. आता आमच्या टीममध्ये गुरुवारची जागरणं पाळीपाळीनं असतात. माझी पाळी सहा आठवड्यांतून एकदा येते. पहिले दोन गुरुवार मला झोप लागली नाही. सवय जायला वेळ लागतो.

*

दिवाळीला घरी जाताना बॅगेत चार फूटपट्ट्या आणि सरळ लाटणं घेऊन गेले. आईच्या उजव्या मनगटात दोन वर्षांपासून कळ येते. फोनवर ती कधी बोलली नव्हती. यावर्षी शंकरपाळे कमी करू म्हणाली तेव्हा मला कळलं.

पट्ट्या बघून तिनं नाक मुरडलं, पण लाटून बघितलं. पहिली पोळी झाल्यावर तिनं तिच्यावरून तळहात फिरवला. म्हणाली, "सारखी झालीय. पण हाताला काही कळतच नाही गं." थोड्या वेळानं म्हणाली, "मनगट मात्र दुखलं नाही."

दोन्ही खरं होतं, आणि मी कुठल्याच वाक्यावर काही बोलले नाही.

चार पोळ्या पट्ट्यांवर झाल्या. पाचव्या गोळ्याला तिनं पट्ट्या बाजूला सरकवल्या आणि जुनं लाटणं घेतलं. "एक पोळी पातळ लाटते. तुझ्या आजीसाठी लाटायचे तशी. तिचे दात गेल्यावर तिला जाड चावायचे नाहीत, म्हणून वेगळे पातळ करायचे आणि गुलाबीच काढायचे. आता शेजारच्या काकूंना तसेच लागतात." ती पोळी तिनं डोळ्यांनी बघत, फिरवत, हातानं लाटली. मला तेव्हा कळलं की आईच्या हाताचं खरं माप हे होतं. सगळे सारखे करण्यापेक्षा, कुणासाठी सारखे करायचे नाहीत हे तिला माहीत होतं. सारखं करायचं काम पट्ट्या करू शकतात. हे दुसरं काम त्या करू शकत नाहीत, आणि पट्ट्या असल्या की हाताला त्याच्यासाठी जोर शिल्लक राहतो.

पण एक गोष्ट पट्ट्यांनीही सुटली नाही. गोल पोळीला कातण्यानं तिरक्या रेघा मारल्या की कडेला अर्धे, तिकोनी, शेपटीसारखे तुकडे उरतातच. ते पुन्हा मळून लाटले तर पीठ चिवट होतं आणि शेवटचे शंकरपाळे कडक होतात. जाडी कितीही सारखी असो, कडेचे तुकडे संपत नाहीत. कडा असणार म्हणजे तुकडे असणार.

आईनं सवयीनं फळीवरचा ॲल्युमिनियमचा डबा काढला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि तुकडे मोठ्या डब्यात, चांगल्या शंकरपाळ्यांमध्ये मिसळून टाकले. ती म्हणाली, "अगं, दिसायला कसं दिसेल ते!" मी म्हटलं, "दिसू दे."

संध्याकाळी बाबांनी चहाबरोबर डब्यात हात घातला. नेमका एक कडेचा तुकडा हाताला लागला. चावून बघत ते म्हणाले, "यावेळी एखादा कडक झालाय वाटतं."

आई कपात चहा ओतत होती. वर न बघता म्हणाली, "दरवर्षीच होतो, अहो. आज तुमचा नंबर लागला."

बाबांनी तुकड्याकडे बघितलं, मग आईकडे. तो चहात बुडवून खाल्ला आणि दुसऱ्यासाठी डब्यात हात घातला.